खात्रीची बातमी, एकच गिऱ्हाईक

माणसाला जगायला अन्न, वस्त्र, निवारा आणि दुसऱ्याच्या घरातली बातमी या चार गोष्टी लागतात. चौथी नियमित मिळत असेल तर पहिल्या तिन्हींवाचून तो बरेच दिवस काढू शकतो, हे सुरखार बंदराच्या लोकांनी वेळोवेळी सिद्ध केलेलं आहे. मुरुडपासून एसटीने पाऊण तासावर असलेल्या या गावाची लोकसंख्या चार हजार दोनशे बारा. त्यांतल्या प्रत्येकाला उरलेल्या चार हजार दोनशे अकरा जणांची इत्थंभूत माहिती असते. (स्वतःबद्दलची माहिती शेजाऱ्याकडून घ्यावी लागते, ती जास्त सविस्तर मिळते.)

अशा गावात बातमीचा तुटवडा कधीच नव्हता. तुटवडा होता तो खात्रीचा. आणि हमदुल्लाशेठ वारले त्या दिवशी तो सगळ्यांच्या लक्षात आला.

शेठ वारल्याचा मेसेज सकाळी नऊला फिरू लागला. साडेनऊला माणसं त्यांच्या घरी जमली. दार शेठनीच उघडलं. ते नुकतेच सुपारीच्या बागेला पाणी लावून आले होते. इतकी माणसं बघून त्यांनी सगळ्यांना बसवलं, चहा पाजला आणि हळूच विचारलं, "खैरियत? कोण गेलं?" शेवटी पोस्टातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी आपला फोन पुढे केला. शेठनी मेसेज दोनदा वाचला.

"पण मी तर इथं बसलोय!"

"ते दिसतंय," गृहस्थ अदबीने म्हणाले. "पण हा सात ग्रुपवर आलाय."

एका बाजूला सात ग्रुप आणि दुसऱ्या बाजूला शेठ एकटे, अशी ती परिस्थिती होती. दुपारपर्यंत बहुतेकांनी त्यांना जिवंत मानायला संमती दिली, तरी काहींनी अंतिम मत राखून ठेवलं.

शेठचा भाचा शारिक खतीब त्या बैठकीला हजर होता. वय छत्तीस. दहा वर्षं दोह्याला ऑनलाइन फर्निचर विकणाऱ्या कंपनीत तक्रार विभाग सांभाळून तो नुकताच परतला होता. खुर्चीवर न बसता, तिला हातही न लावता लोक ती विकत घेतात, हे त्याने दहा वर्षं पाहिलं होतं. मामूंच्या घरून परतताना त्याच्या मनात आलं की न बघता खुर्ची घेणारा माणूस भरवशाचा दुकानदार मिळाला तर बातमीही घेईल. महिनाभरात 'खात्रीबाजार' या नावाची कंपनी उभी राहिली. कचेरी शारिकच्याच घराच्या माडीवर थाटली. तिथे त्याच्या अम्मीचे, अमिरुन्निसाबींचे, नारळ ठेवलेले असत. ते भिंतीकडे सरकवण्यात आले.

कंपनीचं काम सरळ होतं. ज्याच्याकडे बातमी असेल त्याने ती फोनवरून कंपनीकडे पाठवायची. कंपनीने ती तपासून, शिक्का मारून विकायला ठेवायची. ज्याला हवी त्याने ती विकत घ्यायची. बातमीचे तीन दर्जे ठरले: पक्की, जवळजवळ पक्की, आणि पक्की होण्याच्या मार्गावर. (अफवा हा शब्द कंपनीच्या कागदपत्रांत नाही. त्याऐवजी 'तिसऱ्या दर्जाची माहिती' असं म्हटलं जातं आणि तिलाच मागणी जास्त असते.)

प्रश्न राहिला तो तपासणार कोण याचा. संगणकाला गाव कळत नव्हतं आणि गावाचा संगणकावर भरवसा नव्हता. माणूसच हवा होता. सगळ्या गावाने एकमुखाने एकच नाव घ्यावं अशी वेळ सुरखारात कधी आली नव्हती, ती तेव्हा आली. ते नाव होतं अनंता चोगले.

अनंता कोळीवाड्यातला, पण समुद्रावर न जाता एसटीत लागलेला. एकतीस वर्षं त्याने सुरखारच्या स्थानकात चौकशीच्या खिडकीमागे काढली होती. कंट्रोलर म्हणून. चौकशीच्या खिडकीमागच्या माणसाने "येईल आता" असं म्हणावं, अशी प्रवाशाची मनापासून अपेक्षा असते. अनंताने ते वाक्य एकतीस वर्षांत एकदाही उच्चारलं नाही. गाडी येणार असली तर तो किती वाजता ते सांगे. येणार नसली तर "येणार नाही" म्हणे आणि पुढच्या माणसाकडे बघे. त्यामुळे त्याच्याविरुद्ध उद्धटपणाच्या सतरा तक्रारी झाल्या. माहिती चुकीची दिल्याची एकही झाली नाही. लोक त्याला शिव्या घालत पायी निघत आणि वेळेवर पोचत. पोचल्यावर पुन्हा शिव्या घालत.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी ऋतिका लग्न होऊन पनवेलला गेली, बायको त्याआधीच वारली होती. घरात बोलायला माणूस नव्हतं आणि आता कुणी काही विचारायलाही येत नव्हतं. माणसाला एकतीस वर्षं रोज तीनशे जणांनी प्रश्न विचारले आणि मग एके दिवशी विचारणं थांबलं, म्हणजे कानात काय शांतता पसरते ते अनंतालाच ठाऊक. शारिक घरी आला तेव्हा त्याने फार आढेवेढे घेतले नाहीत.

"काका, तुम्ही फक्त एवढंच सांगायचं. खरं की खोटं."

"आणि माहीत नसेल तर?"

"तर माहीत करून घ्यायचं."

हे अनंताला पटलं. त्याचा कंट्रोलरच्या टोपीतला फोटो काढून त्याचा गोल शिक्का तयार केला गेला. ज्या बातमीवर तो चेहरा ती पक्की. हुद्दा मुख्य खात्री अधिकारी. टोपी त्याची स्वतःचीच होती. (निवृत्तीच्या वेळी ती जमा करायची राहिली होती.)

पहिल्या महिन्यात अनंताने एकशे साठ बातम्या तपासल्या. त्यासाठी तो छत्री घेऊन पायी फिरला. पाण्याच्या टाकीत पाणी नाही ही बातमी आली तेव्हा तो शिडीने वर चढून आत डोकावला. दोन सख्खे भाऊ बोलेनासे झालेत अशी बातमी आली तेव्हा त्याने दोघांच्या अंगणात अर्धा अर्धा तास बसून खात्री केली. चूक एकही झाली नाही.

आणि धंदाही झाला नाही. ग्राहकांना बातमी आवडली का ते ताऱ्यांनी कळवायची सोय होती. 'आज बोंबील नाहीत' या पूर्णपणे खऱ्या बातमीला पाचपैकी एक तारा मिळाला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'कालही हीच बातमी होती.' 'डॉक्टर सोमवारी येणार नाहीत' हिला दीड. त्याउलट 'किहीमच्या बाजूला एका माणसाच्या बागेत नारळातून गोड दूध निघालं' ही तिसऱ्या दर्जाची माहिती चार पूर्णांक नऊ ताऱ्यांवर होती आणि लोक ती दुसऱ्यांदा विकत घेत होते.

शारिकने यावर अभ्यास करून नियम चौदा काढला. बातमी खरी असूनही ग्राहकाचं समाधान झालं नाही, तर तिच्यात सुधारणा करण्यात यावी.

"सुधारणा म्हणजे काय रे?" अनंताने विचारलं.

"शब्दांत, काका. घटनेत नाही."

त्यानंतर 'आज बोंबील नाहीत' ऐवजी 'बोंबील उद्यावर' असं लिहू लागले. तारे वाढले. अनंताला ते वाक्य "येईल आता"च्या जवळचं वाटलं, पण नेमकं तेच नव्हतं, म्हणून तो गप्प बसला. आपल्या आयुष्यातली ही पहिली सवलत, हे त्याला जाणवलं.

कंपनीचं नशीब उघडलं ते काशिफाबाईंमुळे. त्यांच्या मुलीला, आफराला, बी.एड.ला प्रवेश मिळाला नाही ही बातमी विक्रीला आली, तपासली गेली, पक्की ठरली. काशिफाबाई बुरखा सावरत माडीवर आल्या आणि म्हणाल्या, "ही बातमी सगळीच्या सगळी मला द्या. दुसऱ्या कुणाला विकू नका. पोरीचं लग्न ठरतंय." अनंताला ते योग्यच वाटलं. पोरीची बातमी पोरीच्या आईकडे राहिली तर कुणाचं काय बिघडलं? शारिकने तिथल्या तिथे नियम एकवीस लिहिला: एकमेव हक्क. एका ग्राहकाने बातमी पूर्ण विकत घेतली, तर ती त्याची. कंपनी ती पुन्हा कुणाला दाखवणार नाही, आणि तपासणाऱ्याने तिच्याबद्दल तोंड उघडायचं नाही.

पुढच्या तीन महिन्यांत कंपनीच्या असं लक्षात आलं की लोकांना बातमी कळावी यापेक्षा ती कळू नये यासाठी बाजारात कितीतरी जास्त उत्साह आहे. शंभरातल्या त्र्याहत्तर बातम्या एकमेव हक्काने जाऊ लागल्या. खात्रीबाजार पूर्वीपेक्षा जास्त खऱ्या बातम्या गोळा करत होता आणि गावाला पूर्वीपेक्षा कमी कळत होतं. मुंबईच्या एका संस्थेने कंपनीला 'विश्वासार्ह माहिती व्यवस्था' असं प्रशस्तिपत्र दिलं. ते नारळांच्या वर टांगलं गेलं.

नोव्हेंबरात नीराबाईने बातमी आणली. नीराबाई अनंताची थोरली बहीण, पासष्ट वर्षांची, बंदरावर मासळी विकणारी. फोनवर बातमी पाठवणं तिला मंजूर नव्हतं. ती पाटी घेऊन थेट माडीवर आली. पाटी खाली ठेवली. नारळांना बोंबलांचा वास लागला.

"अनंता, जेट्टीचा तिसरा खांब फुटलाय."

"फुटलाय म्हणजे?"

"म्हंजे फुटलाय! आतलं लोखंड दिसतंय. भरतीला वर पाटी ठेवली की पाटीतली कोलंबी हलते. मेलेली कोलंबी, अनंता! हलते!"

अनंता ओहोटीला स्वतः गेला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरला. तिसऱ्या खांबाला आडवा तडा होता. त्याने छत्रीचं टोक आत घातलं. छत्री जात राहिली. मुठीपर्यंत गेली. त्याने ती बाहेर काढली तेव्हा तिच्याबरोबर गंजाचा लाल चिखल आला. चौथा खांबही पाहिला. तिथे छत्री अर्धीच गेली. जेट्टी कुणी बांधली ते लिहिलेला फलक वर होता, पण नाव खाऱ्या हवेने खाल्लं होतं. तारीख तेवढी शाबूत होती. तिला नऊ वर्षं झाली होती.

बातमी क्रमांक चारशे सात. 'सुरखार जेट्टीचे दोन खांब फुटले असून वर गर्दी करणे धोक्याचे.' दर्जा: पक्की. शिक्का मारताना अनंताला पुष्कळ दिवसांनी बरं वाटलं. ही बातमी लोकांच्या उपयोगाची होती.

ती विक्रीला लागल्यापासून अकराव्या मिनिटाला एकमेव हक्काने गेली. घेणारा विनेश. गावाबाहेर त्याचं समुद्रावरचं हॉटेल होतं, पर्यटकांना फिरवायच्या तीन होड्या होत्या, आणि पुढच्या रविवारी त्याने 'खाडी महोत्सव' ठेवला होता. स्थळ: जेट्टी. वेळ: संध्याकाळी पाच. सूर्यास्त, गाणी, कोळंबीचे स्टॉल. चारशे पास गेलेले.

अनंता जिना दोन दोन पायऱ्या चढत माडीवर गेला.

"शारिक, ती बातमी परत घे."

शारिकला माहीत होतं. त्याचा चेहराच सांगत होता. "काका, विकली गेली ती. आता आपली राहिली नाही."

"अरे, चारशे माणसं उभी राहणार आहेत तिच्यावर."

"बातमीवर?"

"जेट्टीवर!"

शारिक खुर्चीत मागे टेकला. तो वाईट माणूस नव्हता. तक्रार विभागात दहा वर्षं काढलेला होता. "काका, लोक आपल्यावर यकीन का करतात? विकलेला माल आपण परत काढून घेत नाही म्हणून. एकदा काढला की संपलं. काशिफाआपा उद्या दारात उभ्या राहतील. माझा आत्मा काय म्हणतो ते वेगळं. कंपनी म्हणून मला बोलताच येत नाही."

जिन्यातून अमिरुन्निसाबींचा आवाज आला. "मग घरातला माणूस म्हणून बोल ना, शारिक!"

शारिकने खाली पाहिलं आणि लॅपटॉपचं झाकण उघडं होतं ते थोडं आणखी उघडलं.

अनंता विनेशकडे गेला. विनेशने त्याला खुर्ची दिली, शहाळं दिलं आणि अगदी मोकळेपणाने बोलला. "कंट्रोलर, मी बातमी दाबली असं कोण म्हणतं? दाबायची असती तर नुसती खोटी म्हटलं असतं. मी ती रीतसर घेतली. पावती आहे. माझ्या फोनमध्ये जपून ठेवलीय. हंगाम संपला की मार्चमध्ये खांब दुरुस्त करून घ्या म्हणून मीच अर्ज देणार आहे. बातमीसकट."

"आणि रविवारी?"

"रविवारी सूर्यास्त आहे हो. अर्ध्या तासाचा प्रश्न."

रविवारी दुपारी साडेतीनला अनंता एसटी स्थानकात गेला. पनवेल आणि अलिबागच्या गाड्यांतून महोत्सवाची माणसं उतरत होती. चौकशीच्या खिडकीमागे आता रुचिता बसत असे. तिला कंट्रोलरचं काम त्यानेच शिकवलं होतं.

"रुचिता, एकदा माईक दे."

तिने त्याच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता माईक सरकवला. लेखी परवानगीशिवाय माईक देऊ नये असा नियम तिला ठाऊक होता. तिने खिडकीवर 'जेवणाची सुट्टी' ही पाटी लावली, म्हणजे पुढे काय झालं ते तिने पाहिलं नाही.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं. सुरखारच्या जेट्टीचे दोन खांब फुटलेले आहेत. जेट्टीवर कुणीही जाऊ नये. जेट्टी पडेल."

एकतीस वर्षांचा सराव होता. आवाज स्वच्छ गेला. लोकांनी कर्ण्याकडे पाहिलं. मग प्रत्येकाने फोन काढला. खात्रीबाजारावर 'जेट्टी' असं शोधल्यावर दोन गोष्टी येत होत्या. एक, 'या विषयावर पक्की बातमी उपलब्ध नाही.' दोन, 'सुरखार जेट्टीवरून दिसतो कोकणातला सर्वांत सुंदर सूर्यास्त', तारे चार पूर्णांक सात.

चष्मा लावलेले एक सज्जन खिडकीपाशी आले. त्यांच्याबरोबर बायको, दोन मुलं आणि घडीची खुर्ची होती.

"जेट्टीचं तुम्हीच बोललात?"

"हो. जाऊ नका."

"पण ॲपवर तर काही नाही."

"ॲपवर नाही, कारण ती विकली गेली. मी स्वतः उतरून पाहिलंय."

सज्जनांनी फोनवरचा गोल शिक्का मोठा करून पाहिला. मग अनंताच्या तोंडाकडे पाहिलं. पुन्हा शिक्क्याकडे. "हे तुम्हीच ना?"

"मीच."

"मग शिक्का का नाही मारलात?"

"अहो, मीच उभा आहे ना तुमच्यासमोर!"

"ते बरोबर," सज्जन समजुतीच्या सुरात म्हणाले, "पण उभं कुणीही राहील."

आणि ते खुर्ची उचलून जेट्टीच्या दिशेने निघाले. मागोमाग सगळे निघाले. एकतीस वर्षांत लोकांनी त्याला शिव्या दिल्या होत्या. अविश्वास कधीच दाखवला नव्हता. त्याचा चेहरा त्यांच्या खिशात होता आणि त्याला स्वतःला त्याचा काही उपयोग नव्हता.

तो कोळीवाड्यात गेला आणि बहिणीच्या ओट्यावर बसला. नीराबाईने सगळं ऐकून घेतलं.

"तू सांगितलंस. त्यानी आयकलं न्हाय. मग आता सांगू नको."

"मग काय करू?"

"मानसाचा कान बंद व्हतो," नीराबाई म्हणाली. "नाक बंद करून मानूस किती वेळ ऱ्हाईल?"

खतासाठी ठेवलेली कुजकी मासळी कोळीवाड्याच्या मागे असते. आठ दिवसांची. नीराबाईने शेजारच्या आवडाबाईला हाक मारली, आवडाबाईने आणखी कुणाला. पाऊण तासात बावीस बायका जेट्टीच्या तोंडाशी पाट्या रिकाम्या करत होत्या. साडेचार वाजता जमिनीकडच्या टोकाला गुडघाभर थर होता. वारा समुद्राकडून होता आणि त्याने आपलं काम चोख केलं.

ज्या जनसमुदायाला दोन खांबांचे तडे हलवू शकले नव्हते, तो चार मिनिटांत तीनशे हात मागे गेला. पोलीस आले; त्यांनी नाकाला रुमाल लावून लांबून परिस्थिती ताब्यात घेतली. विनेश ओरडत होता. नीराबाईने त्याला एवढंच सांगितलं, "मच्छी वाळत घातलीय. सूर्य तुजा, तसा माजा पन हाय." शेवटी गाण्याचा मंच वाळूवर हलवला गेला. जेट्टीच्या टोकाला रंगीत कमान आणि प्रमुख पाहुण्यांसाठी आणलेला, पांढरा टर्किश टॉवेल घातलेला सोफा तेवढा राहिला. तो आणायला कुणी तयार होईना.

साडेपाचला भरती चढत होती. तेव्हा कॉलेजातली एक जोडी, दोघांच्या तोंडाला ओढणी आणि हातरुमाल बांधलेला, मासळी तुडवत जेट्टीवर चढली. कुणी नाही, नुसता सोफा आणि मागे सूर्य. असा फोटो पुन्हा मिळत नाही.

"ए, मागे फिरा!" अनंता ओरडला. त्यांनी हात हलवला.

अनंता त्यांच्यामागे गेला. मासळीत दोनदा घसरला. जेट्टीवर पाय पडला आणि तळव्यातून काहीतरी वर चढलं, उभ्या गाडीचं इंजिन चालू असताना पायाखाली लागतं तसं. त्याला भीती वाटली. एकसष्ट वर्षांचा माणूस, पोहता न येणारा कोळी. ही गोष्ट त्याने आयुष्यभर कुणाला सांगितली नव्हती. तिसऱ्या खांबापाशी तो थांबला. परत फिरावं असं वाटलं. तेवढ्यात मुलगी सोफ्यावर उभी राहिली आणि सोफा एका बाजूला किंचित कलला. खालच्या जेट्टीसकट.

अनंता धावला. पोराची पाठीवरची पिशवी एका हातात आणि मुलीचं मनगट दुसऱ्या हातात धरून त्याने दोघांना ओढत आणलं. पोरगा शिव्या देत होता, मुलगी "डोण्ट टच मी, अंकल!" म्हणून ओरडत होती. काठावरून कुणीतरी म्हणालं, "पोरीच्या अंगाला हात लावतोय बघा." तिघे मासळीत येऊन पडले.

सहा वाजून दोन मिनिटांनी जेट्टीचा समुद्राकडचा अर्धा भाग बसला. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. लाकडी पलंगावर जाडा माणूस बसावा तसा झाला. कमान आडवी झाली, सोफा पाण्यात गेला, पांढरा टॉवेल बराच वेळ तरंगत राहिला. वाळूवर तीनशे शहाण्णव माणसं होती. त्याच क्षणी सगळ्यांनी फोन वर केले. पाठीला पिशवी असलेल्या पोराने केलेलं चित्रण सर्वांत चांगलं निघालं. ते त्याने तिथूनच खात्रीबाजाराला विकलं.

यानंतरची कार्यवाही नियमानुसार आणि वेळेत पार पडली. बातमी क्रमांक चारशे सातचे मालक विनेश यांनी ती त्याच संध्याकाळी खुली केली. पावतीवर सहा दिवस आधीची तारीख असल्यामुळे धोका सर्वांत आधी ओळखणारा माणूस तेच ठरले. त्यांचा सजग नागरिक म्हणून सत्कार झाला. नीराबाईला सार्वजनिक जागी घाण केल्याबद्दल ग्रामपंचायतीची नोटीस आली. अनंताला कंपनीने कामावरून काढलं. आरोप तीन: विकलेली बातमी फुकट वाटली, शिक्क्याशिवाय सत्य सांगितलं, खांबाची तपासणी छत्री या अमान्य साधनाने केली. (तिसरा आरोप पुढे मागे घेण्यात आला. छत्रीचा निष्कर्ष बरोबर निघाला होता.)

पत्र द्यायला शारिक स्वतः आला. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"काका, एक विनंती होती. शिक्क्यावरचा तुमचा फोटो राहू द्या. लोकांचा भरवसा बसलाय त्याच्यावर."

"आणि माझ्यावर?"

"तुमच्यावर पण आहे, काका. पण तो मोजता येत नाही ना."

अनंताने फोटो राहू दिला. का, ते त्याने कुणाला सांगितलं नाही. टोपी मात्र त्याने दुसऱ्या दिवशी जाऊन डेपोत जमा केली आणि पोच घेतली.

पुढे पंधरा दिवस लोक त्याच्या दारावर येत राहिले. गावातले, मुरुडचे, थळपासूनचे. पुष्कळ दिवसांनी त्याला पुन्हा कुणी काही विचारत होतं आणि तो प्रत्येकाला नीट, तपशिलासकट सांगत होता. खांब कसा फुटला होता, नीराबाईला कोळंबीवरून कसं कळलं, बायकांनी काय केलं. लोक मान डोलावत. आणि सगळं सांगून झाल्यावर प्रत्येक जण न चुकता एकच प्रश्न विचारी.

"मग गेले किती?"

"कुणी नाही गेलं."

"कुणीच नाही?"

"नाही."

यावर माणूस "बरं झालं," असं म्हणे आणि उठे. त्या 'बरं झालं'मध्ये किंचित काहीतरी कमी असे, आणि ते काय हे अनंताला एकतीस वर्षांच्या अनुभवानंतरही नेमकं सांगता आलं नाही.

इथवर आलेल्या वाचकाला ते सांगता येईल. अनंता तिसऱ्या खांबापाशी थांबला होता आणि पोरगी सोफ्यावर चढली होती, तेव्हा वाचकाने मनात गेलेल्यांचा एक आकडा धरला होता. फार नाही, एक, किंवा दोन. अनंताने मध्ये पडून त्याची निराशा केली याबद्दल कथेतर्फे दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे.